उजवीकडून एकेक अंक

"हिला भाग जातो का बघ," रूथबाई म्हणाल्या आणि टेंपरेचरच्या जुन्या तक्त्याचा एक पाठकोरा कागद माझ्या पांघरुणावर टाकला.

कागदावर आठ अंक होते. ७३९३९१३३.

"कशानं भाग?" मी विचारलं.

"कशानंही. एक सोडून आणि ती स्वतः सोडून."

मी कागद नीट बघितलासुद्धा नाही. माझं डोकं त्या दिवशी दुसऱ्याच एका कागदानं फिरलेलं होतं, आणि तो उशीखाली होता. सकाळच्या फेरीला डॉक्टर गोसावी तो माझ्या हातात देऊन गेले होते. खाली नाव छापल्यासारखं लिहिलेलं, कुमारी शालन खटावकर, वय वीस, आणि त्याच्याखाली सहीसाठी एक मोकळी रेघ.

साल चोपन्न. आंबेमाळाच्या सॅनिटोरियममध्ये बायकांच्या वॉर्डाबाहेर लांबलचक व्हरांडा होता आणि तिथं आमच्या खाटा ओळीनं मांडलेल्या. माझी नऊ नंबरची, रूथबाईंची दहा. क्षयाला तेव्हा औषधं निघाली होती, पण माझ्या डाव्या फुफ्फुसातलं भोक औषधांना दाद देत नव्हतं. अकरा महिने मी तिथं उताणी पडून होते. इंटर सायन्सला गणितात कॉलेजात पहिली आलेली मुलगी, आणि अकरा महिन्यांत माझ्याकडं मोजायला काय, तर सकाळचा ताप, चारचा ताप आणि महिन्याचं वजन.

डॉक्टर गोसावी माणूस सरळ. खाटेच्या कडेला बसून त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"डाव्या बाजूच्या सात बरगड्या काढायच्या. तीन वेळा मिळून. बरगड्या गेल्या की ती बाजू खाली बसते, फुफ्फुस दबतं, भोक मिटतं. मुंबईचे सर्जन अठरा तारखेला येतायत, दीड महिना इथंच आहेत. नंतर थेट फेब्रुवारीत."

"आणि फेब्रुवारीपर्यंत थांबले तर?"

"उजवं अजून स्वच्छ आहे. फेब्रुवारीत असेलच असं मी लिहून देणार नाही. उजव्याला लागलं की मग ऑपरेशन नाही."

"सात काढल्यावर माझं उरणार काय?" मी विचारलं.

"खांदा जरा उतरेल," ते म्हणाले. माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. ते उठून गेले, आणि मी कागदाची चौघडी करून उशीखाली कोंबली. अर्धंमुर्धं होऊन जगायचं नाही, जायचं तर सगळ्या बरगड्या घेऊन जायचं, असं मी ठरवून टाकलं. विसाव्या वर्षी माणूस फार ठाम असतं.

हे सगळं रूथबाईंनी शेजारून ऐकलं होतं. व्हरांड्यात गुपित राहायचंच नाही.

रूथबाई हिवाळे नगरकडच्या. तिकडच्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेलं. वय पंचेचाळीस असेल, पण हाडं आणि डोळे तेवढे उरलेले. त्यांची दोन्ही फुफ्फुसं गेलेली, म्हणून त्यांच्या उशीखाली कधी असला कागद आला नाही. चार वर्षं त्या त्याच खाटेवर होत्या. उन्हाळ्यात थुंकीतून रक्त पडलं तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांना हात उचलून लिहायची बंदी केली होती. जेवणाचा चमचा चालेल, पेन्सिल नाही.

"मला कशाला सांगता?" मी म्हटलं. "मी उद्या-परवा घरी जाणार. सही करत नाही मी."

"मग जायच्या आधी एवढं कर. नाहीतरी पडून छताच्या तुळयाच मोजतेस."

"आणि भाग गेला तर?"

त्यांनी माझ्या उशीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पैज लाव. भाग गेला तर तू खुशाल घरी जा, मी डॉक्टरांना सांगते की ही पोरगी शहाणी आहे. नाही गेला, तर तो उशीखालचा कागद बाहेर काढायचा."

मला हसू आलं. एवढ्या लांबलचक आकड्याला कुठंतरी भाग जाणारच, याबद्दल मला शंका नव्हती. असल्या आकड्यांत बहुतेक काहीतरी सापडतंच. दोन-चार दिवसांत बाईंना गप्प करून टाकू म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी हातात हात दिला नाही, वॉर्डाचा नियम होता तो. नुसती मान हलवली.

पेन्सिल हातात घेतल्यावर कळलं की प्रकरण सोपं नाही. संख्येला भाग जात नाही असं म्हणायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. म्हणजे ज्यांना स्वतःलाच कशानं भाग जात नाही अशा सगळ्यांनी. वर्गमूळ आलं आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णव आणि वर थोडं. तिथपर्यंतच्या मूळ संख्या हजारावर सत्तरएक. त्यांची यादी रूथबाईंकडं तयार होती, शंभर पानी वहीत, बारीक अक्षरात. कधीतरी हात चालत होता तेव्हा केलेली.

"मोठ्यांकडून सुरू कर," त्या म्हणाल्या. "लहान मागं ठेव. दमशील तेव्हा सोपे येतील हाताशी."

"आणि दोन, तीन, पाच?"

"ते तुला तोंडी यायला हवेत. इंटरला पहिली आलीस ना?"

पहिला भाजक आठ हजार पाचशे सत्त्याण्णव. भागाकार आठ हजार सहाशे, बाकी चार हजार नऊशे तेहेतीस. मी कागद बाजूला ठेवायला लागले तर रूथबाईंनी बोट वर केलं.

"ताळा?"

"बरोबर आहे हो."

"बरोबर आहे ते मला कळायला ताळा लागतो. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. आकडा परत जुळला पाहिजे. आणि खाली सही. माझ्या शाळेत ताळा न केलेलं गणित मी तपासलं नाही कधी."

म्हणजे एक भागाकार की एक गुणाकार. दिवसाला चाळीसच्या वर झाले पाहिजेत तर सतरा तारखेच्या संध्याकाळी, सर्जनची यादी बंद व्हायच्या आत, संपणार. सव्वीस दिवस हातात होते. दोन ते चार विश्रांतीची वेळ, त्यात बोलायचं नाही, वाचायचं नाही, पेन्सिल तर नाहीच. उरलेला सगळा वेळ मी पाठीवर पडून छातीवर पुठ्ठा ठेवून भागत राहिले. सिस्टर दळवी तक्त्यांचे पाठकोरे कागद आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "अगं, ताप वाढेल तुझा या हिशेबानं." ताप उलट खाली आला. त्याचं कारण अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

पहिला आठवडा मी शून्याची वाट बघत होते. प्रत्येक भागाकाराच्या शेवटी वाटायचं, आता. आणि शेवटी कधी दोनशे सोळा उरायचे, कधी चार हजार, कधी अगदी एक. मी चिडून म्हणायचे, "एकानं चुकला हो." रूथबाई म्हणायच्या, "एकानं चुको की हजारानं, भाग गेला नाही तो नाहीच. पुढचा घे."

रविवारी दादा आणि आई तासगावहून आले. दादांचं शिंप्याचं दुकान. ते आले की कुणाकडं बघायच्या आधी अंगावरच्या कपड्याकडं बघायचे, सवयच तशी. आई पदराखाली तोंड धरून रडली.

"सात हाडं काढल्यावर पोरगी वाकडी होणार. कडेगावचं स्थळ आलेलं, त्यांना काय सांगू? कोण पदरात घेईल असलीला?"

दादांनी माझ्या पांघरुणाची कड सरळ केली. मग म्हणाले, "कागदावर सही तिची लागते की माझी?"

"माझी," मी म्हटलं. "मी सज्ञान आहे."

"मग तू ठरव." आणि मग त्यांनी खुणेनं माझ्या छातीवरचा पुठ्ठा दाखवला. "हे काय चाललंय?"

मी सांगितलं. दादांना भागाकार चौथीपर्यंतचाच. त्यांनी तो आकडा हातात धरून मोठ्यानं वाचला, "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस." आणि म्हणाले, "आकडा चांगलाय, वाचायला बरा वाटतो." त्या दिवशी मला पहिल्यांदा तो बरा वाटला.

दुसऱ्या आठवड्यात काय झालं ते नेमकं सांगता येत नाही. भाजक चार हजारांच्या खाली आले. कागदांचा गठ्ठा खाटेखाली वाढत होता. सहाशे वेळा मी त्या आकड्यावर चालून गेले होते आणि तो तसाच होता. मला त्याची ओळख झाली. ७३ नंतर ९३, मग ९१, मग ३३. डोळे मिटले तरी दिसायचा. सकाळी उठल्यावर आधी तो आठवायचा, ताप नंतर. आणि एक दिवस भागाकार करता करता माझ्या लक्षात आलं की बाकी शून्य येऊ नये म्हणून मी ओठ आवळून बसलेय. मी तसं रूथबाईंना सांगितलं नाही. पैज मी हरायला बघतेय असं कसं सांगणार?

चोविसाव्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमाराला, भाजक आला तीनशे सदुसष्ट. याच्या खाली आता एकोणसत्तरच उरले होते. मी भागायला घेतलं. दोन, शून्य, एक, चार, सहा. शेवटच्या पायरीला वर तीन हजार तीनशे तेरा आले. नवाचा भाग लावला. खाली तीन हजार तीनशे तेरा लिहिले. वजाबाकी केली.

शून्य.

मी ते तीनदा वाचलं. मग कागद शेजारच्या खाटेकडं धरला.

"रूथबाई, गेला भाग."

त्यांनी कागद घेतला नाही. लांबूनच बघितला. मला वाटलं होतं त्या म्हणतील, चूक असेल, परत कर. त्या म्हणाल्या, "बाकी शून्य?"

"शून्य."

"मग सुटलीस. पैज म्हणजे पैज." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "खाली सही कर आणि गठ्ठ्यात ठेव."

"तुम्ही तपासणार नाही?"

"माझे डोळे दुखतात. तू केलंस ना? तुझं तू बघ."

दोनची घंटा झाली. सिस्टर दळवींनी सगळ्यांच्या पेन्सिली गोळा केल्या, पडदे ओढले. व्हरांडा गप्प झाला. मी उताणी पडले. सुटले होते मी. अठरा तारखेला सर्जन येणार, जाणार, मी तासगावला. सगळ्या बरगड्या माझ्या मला.

आणि मला रडू यायला लागलं. कुणासाठी, तर एका आकड्यासाठी. खोटं नाही सांगत. तेवीस दिवस ज्याला कुणी हात लावू शकलं नव्हतं तो आज माझ्या हातानं फुटला, आणि फुटला तो कशानं, तर तीनशे सदुसष्टसारख्या किरकोळ आकड्यानं. वाटलं, असं कसं? आणि मग वाटलं, ताळा केला नाही मी. हजार भागाकारांना ताळा केला आणि ज्याच्यावर घरी जायचं त्यालाच केला नाही. खाली सही तेवढी ठोकून दिली.

पेन्सिल नव्हती. मग डोळे मिटून तोंडी गुणाकार सुरू केला. दोन लाख एक हजार चारशे एकोणसत्तर गुणिले तीनशे सदुसष्ट. दोन लाखांचे झाले सात कोटी चौतीस लाख. राहिले एक हजार चारशे एकोणसत्तर. त्यांचे तीनशेपट चार लाख चाळीस हजार सातशे. सदुसष्टपट अठ्ठ्याण्णव हजार चारशे तेवीस. ते एकत्र केले, पाच लाख एकोणचाळीस हजार एकशे तेवीस. सगळं मिळून सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेवीस.

तेवीस. तेहेतीस नाही.

मी परत केलं. परत तेवीस आले. मग शेवटची पायरी डोळ्यांपुढं आणली. नऊ साते त्रेसष्ट, हातचे सहा. नऊ सक चोपन्न आणि सहा साठ. तीन हजार तीनशे तीन. तेरा नव्हेच. वर तेरा होते म्हणून मी खालीही तेरा लिहिले होते. हाताला घरी जायचं होतं.

मी ताडकन उठून बसले. अकरा महिन्यांत मी अशी बसले नव्हते.

"बाकी दहा," मी म्हटलं. मोठ्यानं.

सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या. सिस्टर दळवी धावत आल्या. रूथबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी सावकाश कूस बदलली. गालावर ओलं होतं.

"विश्रांतीच्या वेळी बोलू नये," त्या म्हणाल्या. "आणि आडवी हो आधी."

उरलेले एकोणसत्तर दोन दिवसांत झाले. त्यात एक गंमत झाली. सत्त्याण्णवनं भागलं, बाकी दहा. सदुसष्टनं भागलं, बाकी दहा. एकतीस, परत दहा. मला वाटलं माझं डोकं चालेनासं झालं. रूथबाई मात्र खुशीत होत्या.

"या चौघांचा गुणाकार कर. एकतीस, सदुसष्ट, सत्त्याण्णव, तीनशे सदुसष्ट."

केला. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेवीस.

"बघ," त्या म्हणाल्या. "दहा कमी असती तर चार तुकडे झाले असते. दहाच पावलांवर आहे ती, आणि ही उभी आहे."

सतरा तारखेला साडेचार वाजता सात हा शेवटचा भाजक झाला. बाकी दोन. मी ताळा केला, सही केली आणि पुठ्ठा खाली ठेवला. संपलं होतं. त्या आकड्याला कशानंही भाग जात नव्हता, आणि पृथ्वीच्या पाठीवर ते आंबेमाळाच्या व्हरांड्यातल्या दोनच खाटांना माहीत होतं.

मी उशीखालून तो चौघडीचा कागद काढला.

"थांब," रूथबाई म्हणाल्या. "पैजेसाठी सही करू नकोस. पैज सोडली मी. आधी आकडा समोर धर. शेवटच्या तीनवर बोट ठेव."

मी बोट ठेवलं.

"काय राहिलं?"

"त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा."

"त्याला भाग जात नाही. मी बघितलंय, त्याला एक वर्ष लागलं मला. आता आणखी एक अंक झाक."

"सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णव."

"त्यालाही जात नाही. झाक अजून."

"त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस."

"नाही जात. अजून."

"सात हजार तीनशे त्र्याण्णव," मी म्हटलं, आणि बाईंनी सांगायच्या आधीच मनात भागून बघायला लागले. जात नव्हता. सातशे एकोणचाळीस. जात नव्हता. त्र्याहत्तर. ते तर पोरंही सांगतील. शेवटी माझ्या तळहाताखाली सगळं झाकलं गेलं आणि डाव्या टोकाला एकटा सात उरला.

मी हात उचलून परत सगळा आकडा बघितला, परत एकेक झाकत गेले. उजवीकडून काहीही काढा, कितीही काढा. जे उरत होतं ते दर वेळी अख्खंच होतं.

"ही तुम्ही केलीत?" मी विचारलं.

"असल्या गोष्टी कुणी करत नाही गं. त्या असतातच. मी आपली सातापासून निघाले आणि चाचपडत गेले, चार वर्षं. पुढं एक अंक ठेवायचा, भाग जातो का बघायचं. गेला की दुसरा ठेवायचा. आठव्या जागी नऊ ठेवला, तो त्र्याऐंशीनं फुटला. एक आणि सात ठेवावेत तर तीननंच भाग जातो. राहिला एकटा तीन, आणि माझी पेन्सिल काढून घेतली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं? भाग जाणार नाही हे?"

"कसं ठाऊक असेल? सात अंक मी केले. आठवा तू केलास."

"आणि भाग गेला असता तर?"

"तर तुझ्या पाया पडून सही मागितली असती," रूथबाई म्हणाल्या. "दुसरं काय होतं माझ्याकडं?"

मी सही केली. यादी बंद व्हायला अर्धा तास होता. सिस्टर दळवी कागद घेऊन अक्षरशः पळत गेल्या.

बरगड्यांचं ते ऑपरेशन तेव्हा पेशंटला जागं ठेवून करत. पाठ तेवढी बधिर करायची. दुखत नाही, पण ऐकू सगळं येतं. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज येतो, तो आपल्याच आतून. पहिली गेली तेव्हा मी डोळे गच्च मिटले आणि मनातल्या आकड्याच्या शेवटच्या तीनवर बोट ठेवलं. त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. दुसरीला सात लाखांवर आले. तिसरीला त्र्याहत्तर हजार. सिस्टर दळवी माझं डोकं धरून उभ्या होत्या. त्या नंतर सगळ्यांना सांगत सुटल्या की ही पोरगी टेबलावर पाढे म्हणत होती.

दुसऱ्या खेपेला दोन बरगड्या. सातशे एकोणचाळीसवर टाके घातले.

मधल्या काळात उजव्या हातानं जमेल तेवढं मी नववा अंक शोधत होते, रूथबाईंच्या सांगण्यावरून. तीन ठेवून बघितला, एकशे सत्तावीसनं भाग गेला.

"आणि नऊ?" त्यांनी विचारलं. आता त्यांचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागायचा.

"टिकलाय अजून."

"बघत राहा," त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी सकाळी दहा नंबरच्या खाटेवर गादी नव्हती, नुसत्या लोखंडी पट्ट्या होत्या. ती शंभर पानी वही वर माझं नाव घालून सिस्टरकडं दिलेली होती. पुढं नऊही फुटला. तो आठ अंकांचा आकडा तिथंच पुरा होतो, त्याच्यापुढं काहीच बसत नाही. अशा पद्धतीनं वाढणाऱ्या आकड्यांत त्याच्याहून मोठा आकडाच नाही, हे मला फार वर्षांनी, गणित शिकवायला लागल्यावर समजलं. वर्गात उभी राहून मी ते फळ्यावर लिहिलं आणि मुलींना एकेक अंक पुसायला लावला. डावा खांदा उतरलेला कुणाला दिसायचा नाही. दादांनी माझ्या प्रत्येक झंपराला त्या बाजूला आतून कापसाची घडी शिवलेली असायची, शेवटपर्यंत.

पण ते नंतरचं. तिसऱ्या खेपेला मी टेबलावर कुशीवर पडले होते, दोन बरगड्या उरल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवर परत जाऊन सांगायला कुणी नव्हतं. मला त्या दिवशी भीती वाटली, आधीच्या दोन्ही दिवसांपेक्षा जास्त. सहावी मोडली. त्र्याहत्तर, मी म्हटलं. मग बराच वेळ हत्यारांचा आवाज, आणि सातवी.

"झालं," मागून सर्जन म्हणाले. "आता काढायचं काही नाही."

"सात," मी म्हटलं.

ते वाकून पुढं आले. तोंडावरच्या फडक्याच्या वर त्यांचे दमलेले डोळे दिसत होते. "हो, सातच काढल्या. तू मोजत होतीस?"

"काढलेल्या नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "राहिलेलं सांगतेय. त्याला भाग जात नाही."